ग्रॅफाइटची नळी आणि पिकोग्रॅमचा हिशेब

पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, आयएस १०५००, शिशाची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आणि कॅडमियमची ०.००३ मिलिग्रॅम ठरवते. हे आकडे कागदावर उतरवणे सोपे आहे. पण समोर आलेल्या बाटलीतले पाणी या रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे छातीठोकपणे सांगायचे तर लिटरमागे एका मायक्रोग्रॅमचा, किंबहुना त्याच्याही अंशाचा हिशेब मांडता आला पाहिजे. अणुशोषण वर्णपटमापनाला, म्हणजे प्रयोगशाळेतल्या बोलीत ‘एएएस’ला, हा हिशेब जमू लागला तो ग्रॅफाइटच्या एका छोट्या नळीमुळे. सुमारे २८ मिलिमीटर लांब आणि ६ मिलिमीटर आतल्या व्यासाची ही नळी विजेने तापवतात, आणि तिच्यात नमुन्याच्या एका थेंबातले अणू मोकळे होतात. तिलाच ग्रॅफाइट फर्नेस म्हणतात.

या साधनाबद्दल दोन टोकाची मते ऐकू येतात. काहींच्या लेखी ते जुने झाले, आयसीपी-एमएस हे प्लाझ्मावर चालणारे तंत्र आल्यावर त्याची गरज उरली नाही. काहींच्या लेखी ते लहरी आहे, आज एक आकडा देते आणि उद्या दुसरा. दोन्ही मते तपासायची तर त्याचा सगळा प्रवास पाहावा लागतो, आणि तो पाहिला की एक गोष्ट स्पष्ट होते. ग्रॅफाइट फर्नेसचे यशापयश एकाच तत्त्वावर उभे आहे: नमुन्यातले अणू वाफेत यायचे ते भोवतालचा वायू पुरता तापून स्थिरावल्यावरच. हे तत्त्व पहिल्याच संशोधकाने पाळले होते, पुढे सोयीपायी ते सुटले, आणि परत मिळवायला एक तप लागले.

ज्योतीचे बळ आणि तिची मर्यादा

१९५५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेत काम करणाऱ्या अॅलन वॉल्श यांनी अणुशोषण हे रासायनिक विश्लेषणाचे साधन होऊ शकते हे दाखवून दिले. त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये आल्केमाडे आणि मिलाट्झ यांनीही स्वतंत्रपणे हीच कल्पना मांडली. तत्त्व साधे होते. मोकळा अणू आपल्या ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश शोषतो. शिसे मोजायचे तर शिशाच्याच दिव्याचा प्रकाश अणूंच्या वाफेतून पाठवायचा आणि तो किती घटला ते पाहायचे. म्हणजे मुख्य काम उरते ते नमुन्यातून मोकळे अणू तयार करण्याचे.

वॉल्श यांनी त्यासाठी ज्योत वापरली. ज्योत भरवशाची आणि झटपट, पण फार उधळी. द्रावणाचा फवारा करताना नव्वद टक्क्यांहून अधिक द्रावण थेट निचऱ्यात जाते. जे ज्योतीत पोहोचते ते वायूंच्या मोठ्या लोंढ्यात विरळ होते, आणि अणू प्रकाशाच्या वाटेत काही मिलिसेकंदच राहतात. म्हणून ज्योतीवर शिशाची शोधमर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅमच्या आसपास अडकते, म्हणजे पाण्याच्या मानकाची रेषा जिथे आहे नेमकी तिथेच. फर्नेसमध्ये संपूर्ण थेंब नळीत जातो आणि त्यातले अणू अर्धा-एक सेकंद आत कोंडलेले राहतात. शोधमर्यादा त्यामुळे लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅमच्याही खाली उतरते.

ल्वोव यांची भट्टी, मासमान यांची सोय

वॉल्श यांचा लेख वाचून लेनिनग्राडमधले तरुण संशोधक बोरिस ल्वोव यांनी १९५६ मध्ये ग्रॅफाइटची भट्टी करून पाहिली. कार्बनच्या नळीची भट्टी वर्णपटशास्त्रात नवी नव्हती. अमेरिकेत आर्थर किंग यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात तशी भट्टी वापरली होती. ल्वोव यांनी तिला मोजमापाचे साधन केले. नमुना कार्बनच्या इलेक्ट्रोडच्या टोकावर वाळवायचा, नळी आधी स्वतंत्रपणे तापवून ठेवायची, आणि मग इलेक्ट्रोड आत सरकवून त्याला आर्कने झटक्यात तापवायचे. अणू बाहेर पडायचे ते आधीच तापून स्थिर झालेल्या वायूत. ल्वोव यांचे काम १९५९ मध्ये रशियनमध्ये आणि १९६१ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाले. संवेदनशीलता ज्योतीच्या कैकपट होती. पण उपकरण इतके गुंतागुंतीचे होते की रोजच्या कामाची प्रयोगशाळा त्याच्या वाटेला जाणे कठीण होते.

१९६८ मध्ये जर्मनीतल्या डॉर्टमुंडमध्ये हान्स मासमान यांनी ही गुंतागुंत काढून टाकली. नमुना थेट नळीच्या भिंतीवर टाकायचा आणि नळीतूनच काही व्होल्टवर शेकडो अँपिअरचा प्रवाह सोडून तिला तापवायचे. उपकरण सुटसुटीत झाले, आणि १९७० मध्ये पर्किन-एल्मर कंपनीने त्याच धर्तीची एचजीए-७० ही भट्टी बाजारात आणली. याच सुमारास इंग्लंडमध्ये टी. एस. वेस्ट यांनी कार्बनची बारीक कांडी तापवून तोच हेतू साधून पाहिला. तिचे काही प्रकार बाजारातही आले, पण नळी टिकली, कारण ती अणूंना कोंडून धरते.

सोयीची किंमत मात्र लवकरच दिसली. मासमान यांच्या पद्धतीत नळीची भिंत आणि नमुना एकाच वेळी तापतात. भिंतीवरून शिसे उडते तेव्हा मधला वायू अजून तुलनेने गार असतो, आणि पाण्याने थंड ठेवलेल्या पकडींमुळे नळीची दोन्ही टोके तर त्याहून गार. अशा वायूत शिशाचे अणू क्लोरीनशी पुन्हा जोडले जातात आणि रेणू झाले की मोजणीतून निसटतात. परिणाम असा, की शुद्ध पाण्यात टाकलेले शिसे एक आकडा देते आणि तेवढेच शिसे समुद्राच्या पाण्यात टाकले की आकडा घसरतो. सत्तरच्या दशकात शोधपत्रिका अशा व्यत्ययांच्या याद्यांनी भरून गेल्या, आणि फर्नेस लहरी असल्याचा लौकिक तेव्हाच जडला. दोष ग्रॅफाइटचा नव्हता. तवा नीट तापायच्या आत भाकरी टाकली जात होती.

प्लॅटफॉर्म आणि त्याच्या जोडीच्या अटी

उत्तर पुन्हा ल्वोव यांच्याकडूनच आले. १९७७-७८ मध्ये त्यांनी नळीच्या तळाशी ग्रॅफाइटची एक छोटी पट्टी, म्हणजेच प्लॅटफॉर्म, ठेवायची सूचना केली. ही पट्टी भिंतीला जेमतेम टेकते, त्यामुळे ती मुख्यतः भिंतीच्या प्रारणाने तापते आणि भिंतीच्या मागे राहते. भिंत व वायू तापून स्थिरावेपर्यंत पट्टीवरचा नमुना थांबून असतो आणि त्यानंतर उडतो. मासमान यांच्या सुटसुटीत उपकरणात ल्वोव यांचे मूळ तत्त्व एवढ्याशा पट्टीने परत आणले. त्याच वेळी ल्वोव यांनी शोषणाच्या आलेखात उमटणाऱ्या शिखराच्या उंचीऐवजी त्याखालचे क्षेत्रफळ मोजण्याचा आग्रह धरला. नमुन्यातल्या इतर द्रव्यांमुळे अणू लवकर सुटोत की उशिरा, उंची बदलते. एकूण क्षेत्रफळ मात्र फारसे हलत नाही.

१९८१ मध्ये वॉल्टर स्लाव्हिन आणि सहकाऱ्यांनी हे सगळे एका सूत्रात बांधले. ‘स्थिर तापमानाची प्लॅटफॉर्म भट्टी’ या नावाने ते ओळखले जाते. पायरोलिटिक ग्रॅफाइटचा प्लॅटफॉर्म, अणुकरणाच्या वेळी सेकंदाला सुमारे २००० अंशांच्या गतीने तापवणे, त्या क्षणी नळीतला आर्गॉनचा प्रवाह बंद ठेवणे, क्षेत्रफळ मोजणे, त्यासाठी वेगवान इलेक्ट्रॉनिक्स, योग्य रासायनिक मॉडिफायर (नमुन्यात मिसळायचे, मूलद्रव्याला धरून ठेवणारे किंवा कचरा घालवणारे द्रव्य) आणि भक्कम पार्श्वशोषण-दुरुस्ती (धूर व रेणूंनी अडवलेला प्रकाश वजा करणे). स्लाव्हिन यांचा मुद्दा असा होता की या अटी एकत्र पाळायच्या आहेत, त्यातली सोयीची एखादी उचलून भागत नाही. प्लॅटफॉर्म आहे पण तापवण्याची गती मंद आहे, किंवा मॉडिफायर आहे पण मोजली जाते ती उंची, तर व्यत्यय परत येतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २००.९ या पद्धतीच्या नावातच ‘स्थिर तापमान’ हे शब्द आहेत, यावरून या विचाराचा पगडा लक्षात यावा.

नळीच्या गार टोकांचा प्रश्न उरला होता. तो स्वीडनमधल्या उमेओ विद्यापीठात वोल्फगांग फ्रेश यांनी हाती घेतला. प्रवाह नळीच्या लांबीतून न देता आडवा दिला, की मध्य आणि टोके जवळपास सारखीच तापतात. १९९० च्या सुमारास अशा भट्ट्या बाजारात आल्या. या नळ्या आखूड असतात, त्यामुळे संवेदनशीलता थोडी घटते. पण टोकांशी द्रव्य जमून पुढच्या नमुन्यात मिसळण्याचा त्रास बराच कमी होतो.

ग्रॅफाइटच का?

इतक्या तापमानाला टिकणारे, वीज वाहणारे, घडवायला सोपे आणि शुद्ध मिळणारे पदार्थ मोजकेच आहेत. टंगस्टन आणि टँटलम यांचीही चाचणी झाली, आणि टंगस्टनच्या तारेची वेटोळी छोट्या उपकरणांत आजही वापरतात. पण ग्रॅफाइट वितळत नाही, ३००० अंशांपर्यंतची तापमाने थोडा काळ सोसते, आणि शिवाय स्वतः क्षपणकारक असल्याने धातूंची ऑक्साइडे फोडायला मदत करते.

त्याचे दोषही ठाऊक असावेत. साधे ग्रॅफाइट सच्छिद्र असते. द्रावण त्यात मुरते आणि टायटॅनियम, व्हॅनेडियम, मॉलिब्डेनमसारखी मूलद्रव्ये कार्बनशी जुळून चिवट कार्बाइडे बनवतात. म्हणून नळीवर पायरोलिटिक ग्रॅफाइटचा दाट थर चढवतात. मिथेनसारखा हायड्रोकार्बन वायू खूप तापलेल्या पृष्ठभागावर विघटित केला की कार्बनचे घट्ट पापुद्रे बसतात. त्यामुळे मुरणे थांबते आणि नळीचे आयुष्य वाढते. तरीही टंगस्टन, टँटलम, झिर्कोनियम, युरेनियम यांच्यासाठी ही भट्टी योग्य नाही.

दुसरा दोष ऑक्सिजनचा. पाच-सहाशे अंशांच्या पुढे ग्रॅफाइट हवेत जळू लागते, म्हणून नळीभोवती सतत, आणि नळीतून अणुकरणाचा क्षण वगळता, शुद्ध आर्गॉन खेळता ठेवतात. नायट्रोजन स्वस्त पडतो, पण उच्च तापमानाला तो कार्बनशी मिळून विषारी सायनोजन बनवतो. आर्गॉनवर काटकसर करू नये.

एक फेरी जवळून

लहान मुलाच्या रक्तातले शिसे मोजायचे आहे असे धरू. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२१ पासून मुलांसाठी डेसिलिटरमागे ३.५ मायक्रोग्रॅम हे संदर्भमूल्य धरले आहे. रक्त दहापट पातळ करतात. पातळ करण्याच्या द्रावणात ट्रायटॉन एक्स-१०० असते, ते तांबड्या पेशी फोडते आणि थेंब पसरू देते. सोबत मॉडिफायर म्हणून अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेट घालतात. ऑटोसॅम्पलरची केसासारखी नळी १० मायक्रोलिटर थेंब प्लॅटफॉर्मवर ठेवते. संदर्भमूल्याइतके शिसे असेल तर या थेंबात ते ३५ पिकोग्रॅम भरते. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग.

पहिला टप्पा वाळवण्याचा, १००-१३० अंशांना. इथे घाई केली की थेंब उकळून तडतडतो आणि त्याचे शिंतोडे नळीभर उडतात. म्हणून अनुभवी माणूस दातांच्या डॉक्टरांचा छोटा आरसा धरून थेंब शांतपणे आटतो का ते पाहतो. नव्या उपकरणांत त्यासाठी कॅमेरा असतो. दुसरा टप्पा जाळण्याचा. प्रथिने, हिमोग्लोबिन सारे कोळसा होऊन धुरात जाते. कोळसा साचू नये म्हणून काही जण सुमारे ५०० अंशांवर थोडी हवा किंवा ऑक्सिजन देतात, आणि पुढे तापवण्याआधी आर्गॉनने ती पुरती हुसकावतात. फॉस्फेटने शिशाला धरून ठेवलेले असते, म्हणून ७००-८०० अंशांपर्यंत जाळता येते. तिसरा टप्पा अणुकरणाचा. आर्गॉन थांबतो, नळी झपाट्याने १५००-१८०० अंशांना पोहोचते, आणि २८३.३ नॅनोमीटरवर एक-दोन सेकंदांचे शिखर उमटते. शेवटी २४०० अंशांच्या वर नेऊन नळी साफ करतात. एका फेरीला दोन ते तीन मिनिटे लागतात.

शिखराचा आकार नीट पाहण्याची सवय लावावी. ते उशिरा आले, त्याला शेपूट फुटली किंवा ते दुहेरी झाले, तर नळी थकली आहे किंवा जाळण्याचे तापमान चुकले आहे. छापून आलेला आकडा हे सांगत नाही.

मॉडिफायर आणि पार्श्वशोषण

जाळण्याच्या टप्प्यात कोंडी अशी असते की नमुन्यातला कचरा जावा आणि हवे ते मूलद्रव्य राहावे. शिसे, कॅडमियम, सेलेनियम ही उडून जाणारी मंडळी असल्याने तापमान वाढवता येत नाही. १९७५ मध्ये एडिगर यांनी दोन्ही बाजूंनी उपाय सुचवले. सेलेनियमला निकेलने बांधून ठेवायचे, म्हणजे ते जास्त तापमान सोसते. आणि समुद्राच्या पाण्यात अमोनियम नायट्रेट घालायचे. मिठाची त्याच्याशी अदलाबदल होऊन अमोनियम क्लोराइड व सोडियम नायट्रेट बनतात, आणि ती काही शे अंशांतच निघून जातात किंवा फुटतात. पुढे चीनमध्ये नी झमिंग आणि शान शाओछुआन यांनी पॅलेडियमचे गुण दाखवले. १९८६ मध्ये श्लेमर आणि वेल्त्स यांनी पॅलेडियम व मॅग्नेशियम नायट्रेटचे मिश्रण अनेक मूलद्रव्यांना चालणारे मॉडिफायर म्हणून मांडले. ते घातले की शिसे हजार अंशांच्या वरही टिकते, आणि अनेक मूलद्रव्यांसाठी जवळजवळ एकच तापमान-कार्यक्रम चालतो. मॉडिफायर स्वतः अशुद्ध असेल तर मात्र तोच शिशाचा स्रोत ठरतो, म्हणून त्याची कोरी फेरी रोज घ्यावी.

तरीही थोडा धूर आणि काही रेणू उरतातच, आणि तेही प्रकाश अडवतात. डॉयटेरियमच्या दिव्याने हे पार्श्वशोषण वजा करणे सोपे आहे, पण ते सपाट असेल तरच उत्तर बरोबर येते. फॉस्फेट आणि लोह असलेल्या नमुन्यात सेलेनियमच्या १९६.० नॅनोमीटर रेषेजवळ ते सपाट नसते. तिथे डॉयटेरियम फसवे आकडे देतो. झीमन पद्धतीत चुंबकीय क्षेत्राने रेषा विभागून नेमक्या त्याच तरंगलांबीवर पार्श्वशोषण मोजतात. रक्त, अन्न, समुद्राचे पाणी अशा नमुन्यांसाठी झीमन असलेले उपकरणच घ्यावे.

या नळीने काय दाखवले

सत्तरच्या दशकात दीर्घकाळ डायलिसिसवर असलेल्या रुग्णांमध्ये मेंदूचा एक घातक विकार आढळू लागला. १९७६ मध्ये अमेरिकेत अॅल्फ्री आणि सहकाऱ्यांनी त्याचा संबंध अॅल्युमिनियमशी जोडला. पाण्यातून आणि औषधांतून शिरणारे अॅल्युमिनियम, मूत्रपिंडे बंद असल्याने, शरीरात साचत होते. डायलिसिसच्या पाण्यासाठी लिटरमागे १० मायक्रोग्रॅमची मर्यादा आली, आणि ते पाणी व रुग्णांचा रक्तद्रव तपासण्याचे काम जगभर प्रामुख्याने ग्रॅफाइट फर्नेसने केले. इतक्या छोट्या साधनाने इतक्या लोकांना वाचवण्यात हातभार लावावा, याचा मला मनापासून आदर वाटतो.

आकड्याची पत किती महत्त्वाची असते, याचे उदाहरण मुंबईतच मिळाले. २०१५ मध्ये मॅगी नूडल्समधल्या शिशावरून बंदी आली. अशा अन्नात शिशाची मर्यादा दहा लाखांत अडीच भाग होती. १३ ऑगस्ट २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली आणि अधिस्वीकृत प्रयोगशाळांत नव्याने चाचण्या करायला सांगितले. ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर बंदी उभी होती, त्यांना आवश्यक अधिस्वीकृती नव्हती, हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते. उपकरण कोणतेही असो, कोऱ्या फेऱ्या, प्रमाणित संदर्भ नमुने आणि नोंदी यांच्याशिवाय आकडा न्यायालयात उभा राहत नाही.

आज त्याची जागा कोणती?

१९८० च्या दशकात आयसीपी-एमएस बाजारात आले आणि चित्र बदलले. ते एका नमुन्यात काही मिनिटांत डझनभर मूलद्रव्ये मोजते. फर्नेस एका वेळी सहसा एकच मोजते. चाळीस नमुने, प्रत्येकाच्या दोन फेऱ्या, चार मूलद्रव्ये आणि फेरीला अडीच मिनिटे धरली, तर प्रमाण द्रावणे सोडूनच तेरा तासांहून अधिक वेळ जातो. फर्नेसच्या मोजमापाचा पल्लाही छोटा आहे. रोज शेकडो नमुने आणि वीस मूलद्रव्ये असलेल्या प्रयोगशाळेने आयसीपी-एमएसच घ्यावे, यात वाद नाही.

पण प्रत्येक प्रयोगशाळा तशी नसते. जिल्ह्याच्या पाणी तपासणीत किंवा रुग्णालयात दोन-चार धातूच पाहायचे असतात. तिथे फर्नेसची किंमत, आर्गॉनचा खर्च आणि देखभाल आवाक्यात राहते. थेंबभर रक्तावर काम भागते. घन नमुना न विरघळवता थेट जाळण्याची सोयही फर्नेसमध्ये चांगली साधते. शिवाय विकास थांबलेला नाही. बर्लिनमध्ये बेकर-रॉस यांच्या गटाने झेनॉन दिवा आणि उच्च विभेदनाचा वर्णपटमापक जोडून नवे उपकरण घडवले, ते २००४ मध्ये बाजारात आले. त्यात प्रत्येक मूलद्रव्याला वेगळा दिवा लागत नाही, रेषेच्या आजूबाजूचा वर्णपट डोळ्यांनी दिसतो, आणि गॅलियम फ्लोराइडसारख्या रेणूंच्या शोषणावरून फ्लोरीनसुद्धा मोजता येते.

म्हणून निष्कर्ष असा. फर्नेस जुने झाले हे मत मोठ्या प्रयोगशाळांपुरते खरे आहे, सरसकट नाही. ते लहरी आहे हे मत तर चुकीचे आहे. स्थिर तापमानाच्या सगळ्या अटी पाळल्या तर त्याचे आकडे भरवशाचे असतात, आणि अर्ध्या पाळल्या तर ते फसवते. ज्यांच्याकडे हे उपकरण आहे त्यांना माझे आवर्जून सांगणे आहे: उंची न मोजता क्षेत्रफळ मोजा, प्रत्येक प्रकारच्या नमुन्यासाठी जाळण्याचे तापमान स्वतः ठरवा, काचसामान नायट्रिक आम्लात भिजवून मगच वापरा, आणि रोज सकाळी पहिल्या प्रमाण द्रावणावरून लाक्षणिक वस्तुमान, म्हणजे ०.००४४ शोषण-सेकंद देणारे मूलद्रव्याचे वजन, काढून पुस्तिकेतल्या किमतीशी ताडून पाहा. दोन्हींत वीस टक्क्यांहून जास्त फरक दिसला, तर त्याचे कारण सापडेपर्यंत एकही नमुना लावू नका.